फ्रिजला ताप आलाय

आमच्या घरात ताप मोजायची तीन यंत्रं आहेत. पहिलं पाऱ्याचं, सासूबाईंच्या काळातलं. ते झटकायला घेतलं की आजही घरातली माणसं दोन पावलं मागे सरकतात. दुसरं काखेत धरून पीं वाजायची वाट बघायचं. तिसरी २०२० साली घेतलेली बंदूक. त्या वर्षी प्रत्येक सोसायटीच्या फाटकात अशी एक बंदूक होती. वॉचमन ती कपाळावर रोखायचा, आकडा यायचा ९३, कधी ९१, आणि तो सांगायचा, "नॉर्मल हाय, जावा." ९१ फॅरनहाइटचा माणूस नॉर्मल नसतो. त्याला तातडीने दवाखान्यात न्यायचं असतं. पण आकडा आला, वहीत चढला, दोघांचंही काम झालं.

एवढी यंत्रं, एवढी मोजायची हौस. तरी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गुरगुरत उभ्या असलेल्या त्या कपाटाचा ताप बघावा, असं चाळीस वर्षांत आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही. मलाही नाही. सुचलं ते एका गोऱ्या काकूंमुळे.

मुलगी इंग्लंडात रेडिंगला असते. (स्पेलिंग वाचून 'रीडिंग' म्हणालात की तिथला तिकीटवाला ओळखतो, पाहुणे आले.) मागच्या वर्षी तिने मला तीन महिन्यांसाठी बोलावलं. त्या देशाच्या व्हिसावर याला 'भेट' म्हणतात. आपल्याकडच्या आज्या याला ड्यूटी म्हणतात. नात अडीच वर्षांची. आठवड्यातले चार दिवस ती चाइल्डमाइंडरकडे जाते. चाइल्डमाइंडर म्हणजे स्वतःच्या घरात दुसऱ्यांची मुलं सांभाळणारी बाई. थोडक्यात, पाळणाघराच्या काकू. फरक एवढाच की या काकूंचं नाव ऑफस्टेडच्या दफ्तरात असतं. शाळांची तपासणी करून मुख्याध्यापकांची झोप उडवणारं जे खातं, तेच हे. आठ वर्षांखालची फार तर ६ मुलं, त्यात अगदी लहान ३, आणि वर्षाच्या आतलं सहसा एकच. माझ्या माहितीतल्या एका पाळणाघरात सहा मुलं फक्त बाल्कनीत असतात.

पहिल्याच सोमवारी नातीला सोडायला गेले. बाईंनी हसून स्वागत केलं, नातीचा कोट अडकवला, आणि मग फ्रिज उघडून आतल्या छोट्या थर्मामीटरकडे वाकून पाहिलं. शेजारी टांगलेल्या वहीत लिहिलं: ४. दार लावलं. मी विचारलं, बिघडलाय का? त्या म्हणाल्या, नाही, रोज बघते. मला वाटलं, एकट्या राहणाऱ्या बाईला काहीतरी छंद हवाच.

छंद नव्हता. मुलांना खाऊ घालायचं म्हटलं की तिथे ती बाई अन्नाचा धंदा करणारी ठरते, मग ती सकाळी केळं कापून देत असली तरी. २०१४ पासून ऑफस्टेडकडे नाव नोंदवतानाच तीही नोंदणी होऊन जाते. वर सरकारच्या अन्न खात्याने खास चाइल्डमाइंडरांसाठी एक पुस्तिका काढली आहे. हात कधी धुवायचे, कच्ची कोंबडी फ्रिजच्या कुठल्या फळीवर ठेवायची (सगळ्यात खालच्या, म्हणजे तिचं पाणी खालच्या दह्यात ठिबकत नाही), उरलेलं किती वेळात गार करायचं, सगळं चित्रांसकट. इंग्लंडचा कायदा धंद्यातलं थंड ठेवायचं अन्न ८ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देत नाही. सल्ला त्याहून कडक: फ्रिज ५ वर किंवा त्याखाली. फ्रीझर उणे १८. आणि गरम म्हणून वाढायला ठेवलेलं अन्न ६३ च्या खाली येता कामा नये. ८ ते ६३ यांच्या मधल्या टापूला ते 'डेंजर झोन' म्हणतात.

हे ऐकल्यावर मी मनातल्या मनात पुण्याचा एप्रिल आठवला. आमचा ओटा, डायनिंग टेबल, ऑफिसची बॅग, स्कूटरच्या हुकाला लटकणारा डबा, लग्नाच्या हॉलमधलं पनीर. अख्खं शहरच डेंजर झोनमध्ये नांदतं आहे आणि वर त्याला स्मार्ट सिटी म्हणतं आहे.

थोडा हिशेब मांडते, कारण मराठी माणसाला हिशेबाशिवाय भीती वाटत नाही. मनासारखी ऊब आणि ओल मिळाली तर काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. सकाळी आठला डब्यात एक जंतू असेल तर दुपारी एकला किती? तासाला तीन वेळा दुप्पट, पाच तासांत पंधरा वेळा. ३२,७६८. आणि डब्यात सुरुवातीला एकच जंतू असतो, असं समजणाऱ्याने जरा स्वतःच्या हातरुमालाकडे पाहावं. फ्रिज या मंडळींना मारत नाही, नुसता पेंगायला लावतो. त्यातला लिस्टेरिया नावाचा एक नग तर थंडीतही जागा राहून हळूहळू वाढत असतो. मोठ्या माणसाचं पोट बिघडलं तर एक रजा जाते आणि आठवडाभराचा गप्पांचा विषय होतो. दोन वर्षांच्या पोराच्या अंगातलं पाणी दोन-चार उलट्या-जुलाबांतच खाली येतं आणि सलाइन शोधत धावावं लागतं.

तरी माझ्यातली पुणेकर गप्प बसली नव्हती. दुसऱ्या आठवड्यात मी त्यांची वही चाळली. ४, ४, ५, ४, ४, ४. वहीत असे सलग चौकार दिसले की मला फ्रिज दिसत नाही, महिनाअखेरीस एका दमात वही भरणारं पेन दिसतं. आयुष्यभर सरकारी नोकरी केली आहे. रजिस्टर कसं भरतात हे मला कुणी शिकवू नये. मी शक्य तितक्या सभ्य इंग्रजीत शंका काढली. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी मागचं पान उलटलं आणि बोट ठेवलं. तिथे होतं ९. पुढे बारीक अक्षरात: रात्री दार नीट लागलं नव्हतं. शिजवलेलं चिकन, दही, कापलेलं कलिंगड टाकलं. अकरा वाजता पुन्हा बघितलं, ५.

त्या एका नऊमुळे बाकीच्या सगळ्या चौकारांवर माझा विश्वास बसला.

अजून एक गोष्ट. त्यांच्याकडच्या दोन किंवा अधिक मुलांना अन्नातून विषबाधा झाली तर ते ऑफस्टेडला कळवावं लागतं, जमेल तितक्या लवकर आणि फार तर १४ दिवसांत. न कळवणं हा गुन्हा. आपल्याकडे पाळणाघरातल्या दोन मुलांना एकाच दिवशी उलट्या झाल्या तर कारणांना तोटा नसतो. दात येतायत. हवा बदलली. काल वाढदिवसाला गेला होता ना. आणि सगळ्यात भारी, नजर लागली. मग मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकायच्या. फ्रिजमधल्या कालच्या खिरीकडे बोट दाखवायला कुणी धजत नाही, कारण ती आजीने केलेली असते.

इंग्रजांचं फार कौतुक करायचं नाही असं ठरवूनच हे लिहायला बसले आहे. ज्या देशात दुपारचं जेवण म्हणजे गारढोण पावात गारढोण काकडी, त्यांना थंड ठेवण्यात कसलं आलंय शहाणपण? त्यांचं हवामानच अर्धा फ्रिज आहे. नळाखाली हात धरला तरी आकडा चारच येईल. पण एका बाबतीत त्यांनी मला गप्प केलं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही म्हणजे नाही. मधात कधी कधी बोटुलिझमच्या जंतूंचे बीजाणू असतात आणि तान्ह्या आतड्यांत ते रुजू शकतात. मी मुलीला म्हटलं, तुला तर मी सोन्याच्या अंगठीने मध चाटवला होता. ती म्हणाली, "आई, मी वाचले म्हणून तू हे सांगू शकतेस." या पिढीला उत्तरं फार लवकर येतात.

पुण्याला परत आल्यावर पहिलं काम केलं ते फ्रिजचा थर्मामीटर मागवायचं. एका पिझ्झ्यापेक्षा स्वस्त. मधल्या फळीवर पेलाभर पाण्यात रात्रभर ठेवला आणि सकाळी दूधवाला यायच्या आत दार उघडून वाचला. नुसत्या हवेचा आकडा दार उघडताच पळतो. पाण्याचा खरा असतो.

११.

आमचे हे म्हणाले, यंत्र खराब आहे. मराठी नवऱ्याची ही पहिली पायरी. दुसरं मागवलं. तेही ११. मग ते म्हणाले, आपल्याकडचं अकरा म्हणजे तिकडचं पाचच. ही दुसरी. तिसऱ्या पायरीवर त्यांनी फ्रिजमधला नॉब मला दाखवला. "हे बघ, मी तीनवर ठेवलाय. तीन अंश." गेली बारा वर्षं हा गृहस्थ समजत होता की नॉबवरचा तीन म्हणजे तीन अंश सेल्सिअस. तो आकडा अंशांचा नसतो. आमच्या फ्रिजवर एक ते सात आहेत, आणि जितका मोठा तितकी थंडी जास्त. आणि वीज वाचावी म्हणून दर हिवाळ्यात तो एकवर जात होता आणि तिथून मेच्या पहिल्या आइस्क्रीमपर्यंत कुणाला त्याची आठवण नसे.

मग झडती घेतली. फ्रिज मागच्या भिंतीला चिकटलेला, म्हणजे बाहेर टाकलेली उष्णता जायला वाट नाही. वर क्रोशाचं कापड, कापडावर प्लास्टिकची फुलं, फुलांशेजारी तेविसाव्या मजल्यावरून पडल्यासारखा वाकडा गणपती. दाराचं रबर एका कोपऱ्यात सुटलेलं. पाचशेची नोट दारात धरून दार लावलं तर ती नुसत्या फुंकरीने बाहेर आली. आत तेवीस डबे. दोन मेंदीचे कोन. चार पेन्सिल सेल, कारण थंडीत सेल टिकतात असं कुणीतरी १९९० मध्ये सांगितलं होतं. वाटीत वाटी, वाटीवर बशी, बशीवर लिंबाची फोड. थंड हवेला फिरायला जागा लागते, हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. पण आमच्या लेखी फ्रिज हे यंत्र नव्हतंच. निर्णय पुढे ढकलायची ती जागा होती. टाकवत नाही आणि खाववत नाही, असं सगळं तिथे जातं आणि बुरशी आली की मनाला न लावून घेता टाकता येतं.

आमच्या आज्यांकडे हे चोचले नव्हते. शिंकं होतं, फडताळ होतं, दुधाचं पातेलं परातीतल्या पाण्यात बसवलेलं असायचं आणि दूध दोन वेळा तापायचं. आणि एक शब्द होता, शिळं. सकाळचं रात्री शिळं. त्यात माया-दया नव्हती. वर्षातून एकदा श्रावणात शीतळा सप्तमीला आदल्या दिवशीचं खायची मुभा, तीही देवीच्या नावाने. १९५८ मध्ये गोदरेजने देशी फ्रिज बनवला, पुढे तो एकेका घरात हप्त्याने शिरला, आणि शिळं हा शब्द वारला. आता असतं ते 'कालचं'. परवाचं असेल तर 'परवाचंच तर आहे'. आमच्याकडे आता रोज शीतळा सप्तमी.

जुन्या लोकांचंही एक चुकलं, ते सांगून टाकते. अन्नाला कुणी शिवलं, कुणी पाहिलं, कुणाची सावली पडली, याची चौकशी या समाजाने शेकडो वर्षं केली. ते किती वेळ उघड्यावर होतं, हे विचारायचं मात्र राहूनच गेलं.

असो. थर्मामीटर दोन झाले होते. एक घेऊन मी खालच्या मजल्यावरच्या पाळणाघरात गेले.

काकू वीस वर्षं पाळणाघर चालवतात. आमच्या इमारतीतली निम्मी इंजिनियर मंडळी त्यांच्या पाळण्यातून अमेरिकेत गेली. दारावर पाटी आहे: 'आईच्या मायेने सांभाळ. सीसीटीव्हीची सोय.' आधी पाटीवर पहिलंच वाक्य होतं. दुसरं पालकांच्या मागणीवरून आलं. हल्ली पालक पाळणाघर बघायला येतात तेव्हा विचारतात, कॅमेरे किती, एसी आहे का, मुलांशी इंग्रजीत बोलता का, फोनिक्स घेता का. फोनिक्स! अजून शी सांगता येत नाही त्या पोराचं. पण फ्रिजचं दार उघडून बघणारा पालक काकूंनी वीस वर्षांत पाहिलेला नाही. हॉलमध्ये चार कॅमेरे आहेत. ऑफिसात बसून आईला मोबाइलवर दिसतं की पोराने दहीभात खाल्ला. तो दहीभात किती अंशांवर चार तास बसला होता, ते कॅमेऱ्याला दिसत नाही.

मी फ्रिजचं नाव काढताच काकू म्हणाल्या, "बघा की वहिनी, कालच आतून पुसलाय." खरंच चकचकीत होता. स्वच्छ म्हणजे थंड, अशी आपली समजूत असते. दुपारी बाराला पेला ठेवला, चारला बघितला. १२ अंश.

काकूंचा चेहरा पडला, आणि मला माझाच राग आला. खरं कारण समोर दिसत होतं, आणि ते काकू नव्हत्या. ते चौदा डबे होते. प्रत्येक डबा सकाळी साडेसातला कढत भरलेला, वाफ कोंडून झाकण दाबलेलं, मग स्कूटरच्या हुकाला, मग काकूंच्या हातात. काकू इमानेइतबारे सगळे कोमट डबे फ्रिजमध्ये लावतात. म्हणजे रोज नऊला त्या बिचाऱ्या यंत्राच्या पोटात चौदा शेगड्या जातात. त्यात दर दहा मिनिटांनी कुणाचं तरी दूध, कुणाचं तरी पाणी, दार उघड, दार लाव. फ्रिजच्या जागी मी असते तर बारावर थांबले नसते.

आणि डब्यात बहुतेक भात. भाताची गोष्ट वेगळी आहे. त्यात बॅसिलस सीरियस नावाचा जंतू बीजाच्या रूपात बसलेला असतो आणि ते बीज उकळत्या पाण्याला भीक घालत नाही. भात शिजून ओट्यावर निवांत पडला की ते उगवतं आणि विष करून ठेवतं. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. लंडनमधल्या फ्राइड राइसमुळे हे १९७१ च्या सुमारास जगासमोर आलं. आदल्या रात्रीचा भात बाहेरच ठेवायचा आणि ऑर्डर आली की परतायचा, अशी तिथल्या हॉटेलांची रीत होती. आपण त्यालाच फोडणीचा भात म्हणतो. भिऊ नका, फोडणीचा भात कुणी काढून घेत नाहीये. रात्री उरलेला भात पसरट ताटलीत निववून तासाभरात फ्रिजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी संपवा, एवढंच मागणं आहे. 'वाफ आणली की सगळं मरतं' हे तेवढं विसरा.

मी काकूंना म्हटलं, पालकांना सांगा ना, डबा निववून द्या, सोबत बर्फाची पिशवी ठेवा. त्या हसल्या. "वहिनी, असं सांगितलं तर पुढच्या महिन्यात पोरगं चौकातल्या पाळणाघरात. तिथे काही सांगत नाहीत." मग दुसरा फ्रिज घ्या. "तुम्ही घेऊन देता का?" याला उत्तर नव्हतं. पालकांना माया हवी, कॅमेरा हवा, फोनिक्स हवं, आता पाच अंशही हवेत, आणि फी मात्र तीच. मोलकरणीच्या पगाराशी तुलना करून ठरवलेली.

कायदा आपल्याकडेही आहे, उगीच मान खाली घालायला नको. २००६ चा अन्नसुरक्षा कायदा. त्यातली अन्नव्यवसायाची व्याख्या एवढी ऐसपैस आहे की नफा असो वा नसो, काकूंचा चार वाजताचा उपमा तिच्यात आरामात बसतो. २०११ च्या नियमांनी वर्षाला बारा लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या लोकांसाठी साधी नोंदणी ठेवली, शुल्क वर्षाला १०० रुपये. काकूंना हे कुणी सांगितलेलं नाही आणि काकूंनीही कुणाला विचारलेलं नाही. उद्या समजा सरकारने फर्मान काढलं की प्रत्येक पाळणाघराने फ्रिजचं तापमान रोज लिहावं, तर काय होईल ते मी आजच सांगते. आठवड्याभरात अप्पा बळवंत चौकात 'फ्रिज तापमान नोंदवही' विकायला येईल. शंभर पानी, पुठ्ठा बांधणी, आणि गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी ४ हा आकडा छापूनच.

आणि आपला गुरुवार! आमच्या भागात वीजवाल्यांचं दुरुस्तीचं काम निघालं की ते गुरुवारीच. दार बंद ठेवलं तर वीज गेल्यावरही फ्रिज साधारण चार तास गार राहतो. पण वीज गेली रे गेली की घरातला प्रत्येक जण पाळीपाळीने दार उघडून बघतो, अजून गार आहे का.

आमच्या घरचं सांगून टाकते. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. रबर बदललं. नॉब पाचवर. तेवीस डब्यांतले नऊ गेले. सेल आणि मेंदी हद्दपार. दोन दिवसांनी आकडा आला ५. आमचे हे आता येणाऱ्या-जाणाऱ्याला फ्रिज उघडून दाखवतात आणि म्हणतात, मी बारा वर्षं सांगत होतो.

काकूंनी माझा दुसरा थर्मामीटर ठेवून घेतला आणि शाळेची एक पाटी आणून फ्रिजच्या दाराला टांगली. रोज सकाळी आणि दुपारी आकडा. पहिल्या दिवशी १२ लिहिला. पुसला नाही. डबे आधी टेबलावर उघडून पंख्याखाली निववायचे आणि मगच आत, पाण्याच्या बाटल्या फ्रिजबाहेर, प्यायचं पाणी माठात, असं त्यांनी स्वतःच ठरवलं. दुसऱ्या दिवशी ११. मग ९.

चौथ्या दिवशी एका आईला ती पाटी कॅमेऱ्यात दिसली.

तिने झूम करून फोटो काढला आणि पालकांच्या ग्रुपवर टाकला. 'काकूंच्या फ्रिजचं टेंपरेचर ९!!! सेफ लिमिट ५ आहे. धिस इज शॉकिंग.' मागोमाग अकरा जणांनी धक्का बसल्याचे चेहरे टाकले. आयटीतल्या एका बाबाने लिस्टेरियावरची इंग्रजी लिंक टाकली. एकाने विचारलं, इतकी वर्षं आपली मुलं हे खात होती का? एकाने फीचा परतावा मागितला. चौकातल्या पाळणाघराचं नाव निघालं. तिथे फ्रिजवर अशी काही पाटी नाही, म्हणजे तिथे सगळं चांगलंच असणार.

काकू तासभर गप्प होत्या. मग त्यांनी मराठीत एकच ओळ लिहिली. 'सर्वांनी आज रात्री आपापल्या घरच्या फ्रिजमध्ये पेलाभर पाण्यात थर्मामीटर ठेवून सकाळचा आकडा इथे टाकावा, म्हणजे मलाही शिकता येईल.'

ग्रुप दोन दिवस मुका. इतका शांत तो ग्रुप परीक्षेच्या काळातही नसतो. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला कुणीतरी गुलाबाच्या फुलावर दवबिंदू टाकून 'शुभ प्रभात' पाठवलं, आणि सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकून हात जोडले.

एक मूल गेलं चौकातल्या पाळणाघरात. त्याच्या आईला मी लिफ्टमध्ये विचारलं, तिथला फ्रिज किती असतो गं? ती म्हणाली, "डबल डोअर आहे, काकू."

पाटी अजून टांगलेली आहे. काल दुपारी तिच्यावर ६ होता. तुम्हीही आज रात्री झोपण्याआधी मधल्या फळीवर पेला ठेवा, आणि उद्या चहाच्या दुधासाठी दार उघडाल तेव्हा आधी तो वाचा. आकडा मला कळवू नका. मुलांच्या पालकांच्या ग्रुपवर टाका, सगळ्यात आधी.